चायना पेनवाल्यांची बाजू

माझ्या खिशातलं शाईचं पेन लोकांना आवडतं, किंमत कळेपर्यंत. मार्केट यार्डात कुणी नाव-नंबर उतरवून घ्यायला पेन मागतं, मी देतो. हातात घेतल्यावर वजन जाणवतं, टोपण काढल्यावर दोन रंगांची मोठी निब दिसते, कागदाच्या कोपऱ्यात दोन वेळा स्वतःची सही करून होते आणि मग प्रश्न येतो, "कितीला बसलं ओ?" मी खरा आकडा सांगतो. माणूस पेन थोडं लांब धरून पुन्हा बघतो आणि म्हणतो, "चायना व्हय!" आणि लगेच परत देतो.

मला त्याचा राग येत नाही. पण बाजू मांडायची राहून जाते, कारण तोवर पुढची गाडी आलेली असते. म्हणून आज इथे निवांत लिहितोय.

मी अडत दुकानात हिशेब बघतो. हळद आणि बेदाणा. सौदे, पट्ट्या, हमाली, तोलाई, उचल, व्याज. पक्कं सगळं कॉम्प्युटरवर जातं, पण त्याआधी ते कच्च्या वहीत हाताने उतरतं आणि ती वही माझ्याकडे असते. म्हणजे दिवसभर लिहिणारा माणूस आहे मी. पेनाचा शौक नंतरचा, आधी ते हत्यार. आणि सांगलीत असा मी एकटा नाही. एक निवृत्त ड्रॉइंग सर आहेत, एक बेदाण्याचे व्यापारी, एक फार्मसीला शिकणारी मुलगी, एक एसटीतले कंडक्टर (ते ड्युटीवर शाईचं पेन नेत नाहीत, तेवढं व्यवहारज्ञान त्यांना आहे). सगळ्यांकडे मिळून जी पेनं आहेत त्यातली बहुतेक चिनी आणि स्वस्त आहेत, आणि सगळी रोज वापरात आहेत. काचेच्या कपाटात एकही नाही.

चायना पेन आपल्याकडे काल-परवा आलेलं नाही. ज्यांची शाळा सत्तर-ऐंशीच्या दशकात झाली त्यांना विचारा. चकचकीत टोपण, निबचं नुसतं टोक बाहेर डोकावणारं, आणि मागे दाबून शाई ओढायची नळी. हीरो ६१६. ते ज्याच्या खिशाला असायचं ते पोरगं वर्गात जरा ताठच चालायचं. हा घाट मुळात पार्कर ५१ चा. पार्करने ते पेन १९४१ साली बाजारात आणलं. कंपनीच्या एक्कावन्नाव्या वर्षी, म्हणजे १९३९ साली, ते तयार झालं म्हणून नाव ५१. निब जवळजवळ सगळी कवचाखाली, त्यामुळे टोकाशी शाई लवकर सुकत नाही. शांघायमध्ये १९३१ साली सुरू झालेल्या एका पेन कारखान्याने पुढे त्याच घाटाची पेनं काढली, आणि १९६६ साली त्या कारखान्याचं नावच हीरो झालं. नक्कल होती का? होती. पण त्या नकलेवर आपल्याकडच्या कितीतरी मास्तरांनी, तलाठ्यांनी, कारकुनांनी अख्ख्या नोकऱ्या काढल्या. पुढे गंमत अशी झाली की भारतात आणि बांगलादेशात हीरो इतकं खपलं की हीरोचीच बनावट पेनं निघाली. आजही जुन्या स्टेशनरीच्या दुकानात ६१६ मिळालं तर ते खरं की खोटं यावर आमच्यात अर्धा तास सहज जातो.

आताचा बाजार त्याच्या कितीतरी पुढे गेलाय. जिनहाओ, विंग संग, हाँगडियन, माजोन (आधीचं मूनमन), पेनबीबीएस, या आताच्या चिनी कंपन्या. जिनहाओची एक्स४५० आणि एक्स७५० ही पितळी अंगाची, वजनदार पेनं. १५९ तर साधारण ५० ग्रॅमचं भरतं, दिवसभर लिहायला घेतलं तर संध्याकाळी मनगट बोलतं. मी ते फक्त वर्षाच्या पहिल्या पानाला वापरतो, वहीपूजनाला शोभून दिसतं म्हणून. रोजच्याला ९९२ बरं, प्लास्टिकचं, हलकं, आत शाई किती उरली ते दिसणारं. शार्क माशाच्या तोंडाचं टोपण असलेलंही एक आहे. ते मी घेणार नव्हतो; घरातल्या लहान मंडळींसाठी घेतलं आणि आता तेच सगळ्यात गुळगुळीत चालतं, त्यामुळे यार्डात शार्क घेऊन बसतो. विंग संगच्या ६९८ मध्ये पिस्टन येतो, म्हणजे मागचा भाग फिरवून शाई आत ओढायची, आणि ६०१ मध्ये तर जुन्या पार्कर ५१ सारखी दट्ट्या दाबून दाबून शाई ओढायची पद्धत. दोन-तीनशे रुपयांपासून सुरुवात, पिस्टनवाली हजाराच्या आतबाहेर.

निबवर '१८ केजीपी' असं कोरलेलं बघून आमच्या ओळखीच्या एका सराफाने गंभीर चेहऱ्याने भिंग लावलं होतं. १८ कॅरेट सोनं नाही हो ते. निब पोलादी, वर सोन्याचा मुलामा. जीपी म्हणजे गोल्ड प्लेटेड. विकणारे मात्र ही दोन अक्षरं सोयीप्रमाणे गिळतात.

आता मूळ मुद्द्यावर. ही पेनं आम्ही स्वस्त आहेत एवढ्यासाठी वापरत नाही. आपल्या कामाला ती बसतात. पहिलं कारण कागद. आपला रोजचा कागद वाईट असतो. लाँगबुक असो, झेरॉक्सचा ७० जीएसएमचा कागद असो, जाड युरोपियन निब टेकवली की अक्षराला दाढी फुटते आणि मागच्या पानावर सगळा हिशेब उलटा वाचता येतो. चिनी निब बारीक असते. त्यांची लिपीच तशी, एका चौकोनात दहा-पंधरा रेघा मावायला हव्यात, म्हणून तिकडची 'फाइन' युरोपातल्या 'फाइन'पेक्षा साधारणपणे बारीक उतरते. शाई कमी पडते, म्हणून कमी फुटते. आणि आपल्या लिपीलाही ते सोयीचं. 'महाराष्ट्र'मधला ष्ट्र बुजत नाही, 'कृष्णा'तला ऋकार आणि ष्ण एकमेकांत घुसत नाहीत, अनुस्वार ठिपका राहतो, त्याचा डाग होत नाही. हौशी लोक जपानी कागदाच्या वह्यांची शिफारस करतात, आणि तो कागद आहेच सुंदर. पण आमचे मालक कच्च्या वहीसाठी तो कागद आणून देतील तो दिवस मी तरी बघणार नाही.

पट्टीबुकावर शाईचं पेन चालत नाही, हेही सांगून टाकतो. खाली कार्बन असतो, दाब द्यावा लागतो, आणि दाब दिला की निबची दोन पाती फाकतात. तिथे बॉलपेनच. खिशाला एक बॉलपेन कायम असतं आणि त्यात मला काही कमीपणा वाटत नाही. शाईच्या पेनवाल्यांनी बॉलपेनला नावं ठेवायची जी फॅशन आहे ती ज्यांना तीन प्रतींत लिहावं लागत नाही त्यांची आहे.

दुसरं कारण शाई, आणि यावर मला जास्त बोलायचं आहे, कारण सांगलीच्या माणसाने शाईबद्दल बोलताना कृष्णेला विसरून चालत नाही. आयर्विन पुलापाशी इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. ओसरल्यावर लोकांनी गच्च्यांवर, कठड्यांवर कागदपत्रं वाळत घातली होती. चिखल झटकून पानं सुटी केली की एक गोष्ट लगेच कळायची. बॉलपेनने लिहिलेलं बरंचसं वाचता येत होतं, कारण ती शाई तेलकट, घट्ट. पाण्याला दाद देत नाही. नेहमीच्या निळ्या शाईने लिहिलेल्या पानावर निळसर ओघळ, आणि आकडे गेलेले. नेहमीची पेनाची शाई म्हणजे पाण्यात विरघळलेला रंग. पाण्यातून आला तो पाण्यात गेला, एवढं साधं.

मग टिकाऊ शाई कुठली? दोन जाती आहेत. एक आयर्न गॉल, म्हणजे टॅनिन आणि लोहाचा क्षार यांची. लिहिताना फिकी दिसते, हवेशी संबंध आला की लोहाचं ऑक्सिडेशन होतं आणि अक्षर काळं पडत जातं, कागदाच्या धाग्यात रुतून बसतं. टॅनिन म्हटल्यावर लांब जायला नको, आपल्या सह्याद्रीतल्या हिरड्यात ते भरपूर आहे. शेकडो वर्षं युरोपातल्या दप्तरांनी याच जातीच्या शाईवर भरवसा ठेवला. दुसरी जात पिग्मेंटची, तिच्यात रंग विरघळलेला नसतो, अतिशय बारीक कण तरंगत असतात. हे कण कागदावर वाळले की पाण्याने सहसा हलत नाहीत. आपल्या जुन्या पोथ्यांची काजळाची शाई याच कुळातली.

दोन्हींचा त्रास असा की पेन चार-आठ दिवस पडून राहिलं तर शाई आतच वाळते, आणि वाळली की निबच्या खालची जीभ, जिच्या बारीक खोबणीतून शाई येते आणि हवा आत जाते, ती तुंबते. आयर्न गॉल आम्लधर्मी असते, पोलादाला हळूहळू खाऊ शकते. म्हणून वीस-पंचवीस हजारांचं पेन बाळगणारे लोक ही शाई त्यात घालायला कचरतात, आणि बरोबरच आहे त्यांचं. मग त्या पेनातून धुतलं जाणारं गोंडस निळं लिहितात. मी तीनशेच्या पेनात आयर्न गॉल बेलाशक भरतो. तुंबलं तर उघडून धुतो. अगदीच गेलं तर निब बदलतो, आणि तेवढ्यानेही भागलं नाही तर दुसरं पेन काढतो. नदीकाठच्या गावात हिशेब लिहिणाऱ्याला चांगलं पेन कुठलं, तर ज्यात टिकाऊ शाई भरायची भीती वाटत नाही ते. माझं सगळं म्हणणं या एका वाक्यात आलं, पुढचं हौसेखातर वाचा.

भीती नाही म्हणून उघडता येतं, हा तर वेगळाच आनंद. यातल्या बऱ्याच पेनांची निब आणि जीभ नुसती दाबून बसवलेली असते. कोमट पाण्यात ठेवायची, फडक्याने धरून सरळ ओढायची, हातात येते. मग कळतं की पेनात असतं काय: एक चीर, एक छिद्र, एक खोबण आणि खालच्या बाजूला कंगव्यासारखे कप्पे. उन्हाने आतली हवा फुगली की जादा शाई त्या कप्प्यांत थांबते, खिशावर येत नाही. निबच्या टोकाला जो बारीक गोळा असतो तो कठीण मिश्रधातूचा, त्याला सवयीने सगळे इरिडियम म्हणतात, पण आजकाल त्यात इरिडियम असेलच असं नाही. दोन पाती वरखाली झाली की पेन खरखरतं. सराफाचं भिंग लावायचं, नखाने हलकेच समपातळीत आणायची. चीर फार घट्ट असेल तर पितळेचा पातळ पत्रा फिरवायचा. असं काही मी पहिल्यांदा महागड्या पेनावर शिकायला बसलो असतो का? हात लावायची हिंमत झाली नसती.

ड्रॉइंग सर तर पुढे गेलेत. ते फुडे निब घेतात, म्हणजे टोक वर वाकवलेली, मुळात ब्रशसारख्या रेघेसाठी असते ती. धरायचा कोन बदलला की रेघ बारीक किंवा जाड. त्या निबने ते घाटावरून आयर्विन पुलाच्या कमानी काढतात. दुसरा उद्योग म्हणजे साधी निब बारीक पॉलिश पेपरवर घासून तिला देवनागरीचा काप देणं. बाजारात मिळणाऱ्या परदेशी स्टब निबचा, म्हणजे रुंद, चपट्या टोकाच्या निबचा, काप रोमन अक्षरांच्या सोयीचा. आपला बोरू उलट्या तिरकसात कापतात, म्हणून आपल्या अक्षरात जाड-बारीक भलतीकडेच येतं. सर एक निब बिघडवतात, दुसरी बिघडवतात, तिसरी अशी उतरते की 'श्री' लिहून बघताना आम्ही सगळे गप्प होतो. बिघडलेल्या निबांचा डबा ते मिरवतात. सुट्या निबा स्वस्त मिळतात म्हणून हे चालतं.

फार्मसीवाल्या मुलीचं शास्त्र वेगळं. ती सुई काढलेल्या सिरिंजने धुते, सिरिंजने भरते, आणि रिकाम्या कार्ट्रिज, म्हणजे शाईच्या तयार नळ्या, पुन्हा पुन्हा वापरते. तिच्या सगळ्या नोट्स शाईच्या पेनाने. तिला विचारलं तर म्हणते, "काका, बॉलपेनने बोटं दुखतात, याने नाही दुखत, संपलं." तिला ना पार्करच्या इतिहासात रस, ना निबच्या कापात. मला वाटतं आमच्यातली खरी पेनवाली तीच.

सगळी पेनं चांगलीच निघतात असं म्हणणारा खोटं बोलतो. ऑनलाइन मागवलेलं एक पेन मला असं आलं की चीर पूर्ण मिटलेली, शाई उतरेना. एकाचं टोपण काही महिन्यांत ओठाशी तडकलं. कारखान्याने करायची तपासणी इथे गिऱ्हाईक करतं, हे खरं आहे. ज्याला डब्यातून काढून थेट परीक्षेला बसायचं आहे त्याने हे पेन आदल्या दिवशी घेऊ नये. आधी धुवावं, दोन दिवस चालवून बघावं.

आता नकलेबद्दल. यावरून बेदाणेवाल्या शेठांचं आणि माझं वाजतं. त्यांच्याकडे माजोनचं ए१ आहे, मागचं बटण दाबलं की निब बाहेर येते. जपानच्या पायलट कंपनीच्या कॅपलेसची सरळ नक्कल. कॅपलेस १९६३ पासून आहे, आजही बनतं, आजही विकलं जातं. त्यांचं म्हणणं, "मूळ पेन मी कधी घेणारच नव्हतो, मग त्यांचं नुकसान काय केलं मी?" मी म्हटलं, शेठ, तुमचा बेदाणा कुणी तुमच्यासारख्या खोक्यात भरून तासगावच्या सौद्यात लावला तर? ते म्हणाले, "खोकं माझ्यासारखं असू दे, माझा छाप नको. छाप लावला तर पोलिसांत जाईन." आणि मान्य करायला हवं, व्यापारी माणसाने मुद्दा नेमका पकडला. दुसऱ्याचा छाप मारलेलं पेन, ज्याला बाजारात 'फर्स्ट कॉपी' म्हणतात, ते आमच्यातलं कुणी घेत नाही. तिथे चर्चा नाही. पार्कर ५१ सारखा ऐंशी वर्षांपूर्वीचा घाट कुणी पुन्हा केला तर मला चालतं. पण आज बनत असलेल्या पेनाची हुबेहूब नक्कल, लामी सफारीची जिनहाओ ५९९ किंवा पायलट कस्टम ८२३ ची विंग संग ६९९, ती मी घेत नाही. कायदा काय म्हणेल हा प्रश्न नाही. मला हातात धरून बरं वाटत नाही. शेठांना वाटतं. त्यांनी वापरावं.

तसंही सगळं चिनी पेन म्हणजे नक्कल हे आता जुनं झालं. पेनबीबीएस ही तर पेनवेड्यांच्या ऑनलाइन कट्ट्यातून उभी राहिलेली कंपनी; त्यांच्या ॲक्रिलिकचे रंग आणि शाई भरायच्या नाना तऱ्हा त्यांच्याच. नकलेवर हात बसला, मग स्वतःचं सुचायला लागलं. कारागिरीत हे काही पहिल्यांदा घडलेलं नाही.

राहिला देशाचा प्रश्न. २०२० मध्ये गलवाननंतर ॲप्सवर बंदी आली, नोव्हेंबरमध्ये अलीएक्स्प्रेस हे चिनी ऑनलाइन दुकानही गेलं, आणि पेनवाल्यांचा मुख्य दरवाजा बंद झाला. त्याबद्दल मी रडलो नाही. सीमेवर माणसं गेली होती, त्यापुढे पेन काय. आता जे मिळतं ते इथल्या आयातदारांकडून, कर भरून आलेलं, थोडं महाग. तरी एक मित्र दर वेळी ऐकवतो की स्वदेशी वापरा. वापरतो की. राजमुंद्रीला १९३२ पासून रत्नम पेनं होतात, तमिळनाडूत लेथवर एबोनाइटची, म्हणजे कडक रबराची, पेनं कातणारी घरं आहेत, कानपूरला उत्तम निबा बनतात. एबोनाइटचं पेन हातात लवकर ऊब धरतं, तशी मजा प्लास्टिकला नाही, धातूला तर नाहीच. ज्याला ऐपत आहे त्याने ते एकदा जरूर घ्यावं. पण हाताने कातलेलं पेन अडीचशेला मिळणार नाही, मिळूही नये, त्या कारागिराच्या पोटाचा प्रश्न आहे. मला विचारायचं आहे ते आपल्या मोठ्या कारखान्यांना. शाळकरी पोरांसाठी शाईची पेनं तुम्ही काढता, ती लिहितातही बरी, पण त्यात कुणाला वेड लागावं असं काही घालायची हौस का नाही? एक पिस्टन, एक बदलता येणारी निब, दोन धड रंग. शांघायला जमतं ते आपल्याकडे जमणार नाही असं काही आहे का त्यात?

आणि त्या मित्रासाठी एक. त्याच्या टेबलावर कॅमल शाईची बाटली आहे, अभिमानाने. कॅमलिनच्या दांडेकरांनी १९३१ साली मुंबईत हॉर्स ब्रँड शाईच्या पुडीपासून सुरुवात केली, मराठी माणसाचा उद्योग, अभिमान वाटावा असाच. पण २०११ मध्ये त्या कंपनीत जपानच्या कोकुयोने निम्म्याहून जास्त हिस्सा घेतला. शाई तीच, चांगलीच आहे, मीही वापरतो. तो मात्र हे ऐकल्यापासून बाटली कपाटात ठेवतो.

ज्यांना ही पेनं प्रत्यक्ष हाताळून बघायची आहेत त्यांनी एखाद्या रविवारी सकाळी सांगलीच्या आमराई बागेत या. आम्ही बाकावर पसारा मांडून बसलेले असतो. लिहून बघा, उघडून बघा, पडलं तरी कुणी ओरडणार नाही. येताना एक जुनं सुती फडकं आणा आणि पांढरा शर्ट घालू नका. शाई आमच्याकडे आहे, हवी ती भरा. हिरवी सोडून. ती फार्मसीवालीची आहे, आणि ती कुणालाही देत नाही.